डोलकाठीला लागलेला मार

प्रश्न : आमच्या शिडाच्या लहान होडीची कार्बन फायबरची डोलकाठी उतरवताना धक्क्याच्या दगडी कठड्यावर दोनदा आपटली. एके ठिकाणी ओरखडा पडून काळे तंतू उघडे पडले आहेत. दुसरीकडे डोळ्यांना काहीच दिसत नाही. ओरखड्यावर रेझिन (तंतूंना एकत्र चिकटवून ठेवणारी कृत्रिम राळ) लावून काठी पुन्हा वापरावी का?
– एक वाचक, दोनापावला

उत्तर : ओरखड्यापेक्षा, जिथे काहीच दिसत नाही त्या जागेची चिंता आधी करावी, असे माझे मत आहे.

कार्बनचा एक तंतू जेमतेम 5 ते 7 मायक्रोमीटर जाडीचा असतो आणि एकेका पेडात असे 3000 किंवा 12000 तंतू असतात. त्यातला एखादा तुटला, तर भोवतालचे रेझिन त्याचा भार शेजारच्या तंतूंकडे सोपवते आणि तुटीपासून मिलिमीटरच्या काही अंशावर तोच तंतू पुन्हा आपला वाटा उचलू लागतो. काथ्याच्या दोरातले आखूड तंतू पिळामुळे एकमेकांना धरून राहतात. इथे पिळाचे काम रेझिन करते. मात्र लगतचे बरेच तंतू एकाच रेषेत कापले गेले, तर शेजाऱ्यांवरचा ताण वाढून तेही तुटू लागतात. म्हणून काठीच्या लांबीला आडवा गेलेला ओरखडा उभ्या ओरखड्याहून अधिक घातक असतो.

दुसऱ्या जागी पृष्ठभाग शाबूत राहूनही आतले, एकावर एक चिकटवलेले तंतूंचे थर एकमेकांपासून सुटलेले असू शकतात. डोलकाठीवर दाब आणि वाक दोन्ही येतात, आणि आधार सुटलेले पातळ थर दाबाखाली सहज वाकतात. ताण सोसण्याची ताकद बरीचशी टिकली तरी दाब सोसण्याची ताकद मोठ्या प्रमाणात घटते. नाण्याने हलकेच ठोकत जावे : खणखणीत आवाज एकाएकी बद्द झाला, तर थर सुटल्याची शंका घ्यावी. आवाज सगळीकडे सारखा आला म्हणून मात्र निर्धास्त होऊ नये, कारण लहान किंवा खोलवरचा दोष या चाचणीतून निसटतो. अल्ट्रासाऊंड तपासणी होईपर्यंत शीड चढवू नये.

नुसत्या रेझिनने ओरखडा बुजतो, पाणी आत शिरत नाही, पण तुटलेल्या तंतूंची ताकद परत येत नाही. तंतू खोलवर कापले असतील, तर ती जागा लांबवर उतरती घासून, मूळ थरांच्या दिशेनेच नवे कापड चढत्या आकारात चिकटवावे लागते. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. जवळपास ॲल्युमिनियमची कडी किंवा पट्टी असेल, तर तिच्याखाली काचतंतूचा थर द्यावा, कारण खाऱ्या पाण्यात उघड्या कार्बनला टेकलेले ॲल्युमिनियम झपाट्याने गंजते.