ओर्झातला सातू गेला कुठे?

विचारणा तीन भागांत आहे. 'माई ताई' या रमच्या कॉकटेलचं नाव आपल्या माई आणि ताईवरून पडलं का? त्याच्या कृतीत येणाऱ्या 'ऑर्जिएट'ला, म्हणजे बदामाच्या घट्ट गोड पाकाला, मराठीत काय म्हणायचं? आणि ते मिळालं नाही तर बाटलीतलं बदाम सरबत चालेल का?

पहिल्याचं उत्तर, नाही. 'माईताई' हा ताहिती भाषेतला शब्द आहे, अर्थ 'चांगलं'. व्हिक्टर बर्जरॉन ऊर्फ ट्रेडर विक याने १९४४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला हे पेय बनवून ताहितीहून आलेल्या स्नेह्यांपुढे ठेवलं. कॅरी गिल्ड यांनी घोट घेऊन 'माईताई रोआ आए' म्हटलं, म्हणजे 'उत्तम, याहून चांगलं नाही' अशा अर्थाचं काहीतरी. ही विकची स्वतःची हकिकत. विकचा प्रतिस्पर्धी बारमालक डॉन बीच याचे पाठीराखे म्हणतात की पेय मुळात आमचं, १९३३चं. पण त्यांच्या कृतीत ग्रेपफ्रूट आणि फलेर्नम (मसाल्यांचा गोड पाक) येतं, 'ऑर्जिएट' नाही. तेव्हा ते वेगळं पेय. माई-ताईवरचे विनोद आता पुरेत.

मला बोलायचंय ते 'ऑर्जिएट'बद्दल. हा उच्चार कुठून उपटला कोण जाणे, पण हल्ली व्हिडिओंमधून सर्रास ऐकू येतो. शब्द फ्रेंच आहे, शेवटचा 'ट' गिळायचा : ओर्झा. यातला 'झ' झाडातलाही नाही आणि झेंड्यातलाही नाही. 'श' म्हणता म्हणता घशातून आवाज काढला की जो येतो, तो.

आता खरी गंमत. फ्रेंचमध्ये 'ओर्ज' म्हणजे सातू, अर्थात जव. ओर्झा म्हणजे सातूचं पाणी! सातू उकडून गाळलेल्या पाण्यात चवीला बदाम वाटून घालत. पुढे बदाम वाढत गेले, सातू आटत गेला, आणि आज ओर्झाच्या बाटलीत सातूचा कणही नसतो. 'ओर्चाता' हे स्पॅनिश थंड पेय, तीही याच घराण्यातली. ती व्हॅलेन्सियात चुफा नावाच्या कंदांची करतात आणि मेक्सिकोत तांदळाची. सातू तिथेही नाही. (ओर्चाताबद्दल एक दंतकथा आहे : राजाला मुलीने ते पाजलं आणि तो म्हणाला, 'हे तर सोनं आहे, पोरी!' स्थानिक बोलीत 'सोनं, पोरी' म्हणजे 'ओर, शाता'. आपल्या माई-ताईच्याच जातकुळीची व्युत्पत्ती.)

असं फक्त परदेशातच होतं असं समजू नका. संस्कृत 'सक्तु' म्हणजे भाजलेल्या धान्याचं, विशेषतः जवाचं पीठ. त्यावरून मराठीत 'सातू' आला आणि पिठाचं नाव धान्यालाच चिकटलं. आणि आज आपण 'सातूचं पीठ' म्हणून गूळ-दुधात कालवून खातो ते कशाचं असतं? बहुतेक घरांत गहू आणि फुटाण्याच्या डाळ्याचं. धान्य पसार, नाव हजर. फ्रान्समध्ये सातूच्या नावावर बदाम, आपल्याकडे सातूच्या नावावर डाळं. 'तेल' तिळाचं असतं असं मानलं तर खोबरेल तेलाचं काय करायचं, हा प्रश्न त्याच रांगेतला.

आणखी एक पायरी खाली उतरू. 'ओर्ज' आला लॅटिन 'होर्देउम'वरून. त्याचं मूळ 'ताठ उभं राहणं' या अर्थाच्या धातूत आहे असं एक जुनं मत आहे, आणि मला ते पूर्ण पटतं. संस्कृतात तोच धातू 'हृष्'. त्याचा मूळ अर्थ अंगावरचे केस उभे राहणं, 'रोमहर्ष'मध्ये तो अजून शाबूत आहे. लॅटिनमधून इंग्रजीत गेलेला 'हॉरर'ही त्यांचाच भाऊबंद. सातू म्हणजे कुसळांचं धान्य! काही व्युत्पत्तिकार नाक मुरडतात : होर्देउमचं जर्मन 'गेर्स्ट'शी नातं दाखवावं आणि तिथेच थांबावं, हृष्पर्यंत धावू नये. त्यांनी सातूच्या लोंबीवरून एकदा उलटा हात फिरवावा. कोशात बसून कुसळ टोचत नाही.

तर ओर्झा आणि हर्ष चुलत भावंडं. ग्लास हातात असताना हे आठवायला हरकत नाही.

हो, बदाम सरबत. चालणार नाही. त्यात वेलची, केशर आणि पिवळा रंग असतो, लिंबू आणि रमबरोबर त्याचं आंबट मसाला दूध होतं. ओर्झा घरी करा. २५० ग्रॅम बदाम गरम पाण्यात भिजवून सोला. मिक्सरमध्ये भरडच फिरवा. फार बारीक केले तर चोथा फडक्यातून उतरतो आणि सरबत खरखरीत लागतं. ३५० मिली कोमट पाण्यात तीन-चार तास ठेवून मलमलीतून घट्ट पिळा. जितकं दूध निघेल तितक्याच वजनाची साखर घालून मंद आचेवर फक्त विरघळवा. उकळी आली की दूध फाटल्यासारखं होतं. गार झाल्यावर चमचाभर नारंगीच्या फुलांचं पाणी घाला. ते नसेल तर गुलाबजल, तेही अर्धाच चमचा. केवडा नको, तो बाकी कुणाला बोलू देत नाही. दोन मोठे चमचे रम घातली की फ्रिजमध्ये दोन आठवडे टिकतं. वर पांढरा थर धरला तर ते बिघडलेलं नाही, बदामाचं तेल आहे, हलवून घ्या. कडू बदाम मात्र घालू नका, त्यातून सायनाइड तयार होतं.

माई ताईचं प्रमाण : मुरलेली जमैकन रम ६० मिली, लिंबाचा रस २२, नारंगी क्युरासाव (संत्र्याच्या सालीचं गोड मद्य) १५, ओर्झा १५, 'रॉक कँडी'चा पाक ७. या 'रॉक कँडी'ला मराठी शब्द शोधत बसू नका, ती आपली खडीसाखर. 'रॉक' म्हणजे खडी आणि 'कँडी'च्या मुळाशी 'खंड', दोन्ही शब्द आपल्या ओळखीचे. दोन भाग खडीसाखर, एक भाग पाणी, विरघळली की गॅस बंद. तार येऊ दिली तर पाक बर्फाला लागून तळाशी बसतो.

मूळ कृतीत 'एका लिंबाचा रस' आहे. ते अमेरिकेतलं मोठं लिंबू, आपली कागदी लिंबं दोनही लागतील, म्हणून मोजूनच घ्या. ओल्ड मंक वापरणार असाल तर तिच्यात व्हॅनिलाचा गोडवा आधीच आहे. आधी पाक न घालता करा, मग चव बघा. निळं क्युरासाव घातलं तर रंग शेवाळासारखा होतो.

बर्फ पंचात बांधून बत्त्याने फोडा, मिक्सरला लावू नका, पाणीच पाणी होतं. शेकर बाहेरून पांढरा पडेपर्यंत, साधारण दहा सेकंद हलवा आणि न गाळता बर्फासकट ग्लासात ओता. पिळलेल्या लिंबाची अर्धी साल वर पालथी घाला आणि शेजारी पुदिन्याचा तुरा खोचा : ते बेट, हे माडाचं झाड.

अननसाचा रस नंतर हवाईत शिरला. सातूच्या नावावर बदाम खपला याची तक्रार नाही, तो निदान चवीला बसला. अननस घातलेल्या पेयाला मात्र दुसरं नाव द्या. आणि ओर्झाला मराठीत ओर्झाच म्हणा. 'बदामपाक' म्हणाल तर लोक वडी समजून ताटली पुढे करतील.