मोटरहोम घ्यायची हौस ठीक आहे, पण आधी घराचं बघा

तुमचं पत्र वाचलं. तुम्ही दोघं कॅलगरीत राहता, मागच्या उन्हाळ्यात भाड्याची मोटरहोम घेऊन आइसफील्ड्स पार्कवे हा डोंगरातला रस्ता केलात, लेक लुईस ते जॅस्पर, २३२ किलोमीटर, आणि तेव्हापासून ते काही डोक्यातून जात नाहीये. आता डीलरकडे २५ फुटी सेकंडहँड क्लास सी (व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली मोटरहोम) बघून ठेवलीय, ९०,००० डॉलर, वर ५ टक्के जीएसटी. टीएफएसएमधून, म्हणजे करमुक्त बचत खात्यातून, १४,५०० काढायचे, उरलेल्या ८०,००० चं लोन, १५ वर्षं, ९ टक्के, हप्ता ८११. आणि पत्राच्या अगदी शेवटी जाता जाता लिहिलंय की तीन वर्षांत घरही घ्यायचंय. अहो, खरा मुद्दा तर तोच आहे!

घराचं लोन देताना बँक तुमचे बाकीचे सगळे हप्ते मोजते, आणि घराचा हप्ता आजच्या व्याजदराने नाही तर स्ट्रेस टेस्टच्या (पुढे दर वाढले तरी झेपेल का, ही चाचणी) वाढीव दराने मोजते. त्यात हे ८११ बसले की माझ्या अंदाजाने घरासाठी लाख-सव्वा लाख डॉलर कमी मिळतील. मोटरहोम ९० हजारांची आणि फटका त्याहून मोठा.

आता हप्त्याचं. ८११ परवडतात हो, तुमच्या पगारात ते दिसणारही नाहीत, पण पाच वर्षं हप्ते भरून ४८ हजारांच्या वर गेले तरी ६४ हजार देणं बाकीच असतं, कारण सुरुवातीची वर्षं बहुतेक पैसा व्याजातच जातो. तोवर गाडीची किंमत समजा ५० हजारांवर आली, तर विकूनही वर खिशातून १४ हजार घालावे लागतील. घसारा आणि व्याज मिळून वर्षाला साधारण साडेपंधरा हजार होतात, त्यात तुम्हीच दिलेले इन्शुरन्सचे १४०० आणि स्टोरेजचे १६०० धरा, मेंटेनन्सला मी २००० धरतो, म्हणजे झाले साडेवीस हजार. तुम्हाला भाड्याचं कोटेशन आलंय १० रात्रींचं ३८००, म्हणजे रात्रीला ३८०. या हिशोबाने विकत घेणं परवडायला वर्षाला ५४ रात्री गाडीत झोपायला हवं. मे अखेरपासून सप्टेंबरपर्यंत एकही वीकेंड न चुकवता गेलात तरी चाळीसच्या आतच राहाल. आणि तुम्ही स्वतः लिहिलंय २० रात्री.

सनवाप्टा पासजवळचा तो लांब उतार आठवतोय ना, जिथे लो गिअरमध्ये टाकून हळूहळू उतरावं लागतं, नाहीतर ब्रेक तापून वास यायला लागतो? तेच ब्रेक आणि तेच टायर यापुढे तुमच्या खर्चाने. थंडीआधी पाण्याच्या पाइपांमधलं पाणी काढून अँटीफ्रीझ घालायचं कामही तुमचंच, आणि मग वसंत येईपर्यंत गाडी नुसती उभी. जुलै २०२४ मध्ये वणव्यामुळे जॅस्पर रिकामं करावं लागलं, तेव्हा ऐन सीझनमध्ये सगळ्यांचे प्लॅन कोलमडले, अशा वेळी हप्ता काही थांबत नाही. लेक लुईसजवळच्या मोरेन लेकला तर २०२३ पासून स्वतःची गाडी नेताच येत नाही, मग ती ९० हजारांची असली तरी.

तर माझं मत, घेऊ नका. निदान लोन काढून तर नाहीच. यंदा दोन ट्रिपा भाड्यानेच करा, ७६०० गेले तर खुशाल जाऊ द्या, तो खर्च मी तुमच्या बजेटमध्ये आनंदाने बसवीन. आणि हप्त्याचे ८११ एफएचएसएमध्ये, म्हणजे पहिल्या घरासाठीच्या बचत खात्यात, टाका. पहिलंच घर आहे ना, मग प्रत्येकाला वर्षाला ८००० पर्यंत भरता येतात, टॅक्समध्ये वजावट मिळते आणि घरासाठी काढताना टॅक्स लागत नाही. टीएफएसएला हात लावू नका, काढलेल्या पैशाएवढी भरण्याची मर्यादा पुढच्या जानेवारीतच परत मिळते.

घर झाल्यावर एखादी लहान, जुनी कॅम्परव्हॅन रोखीने मिळाली तर जरूर लिहा, तेव्हा मी बहुतेक हो म्हणेन. तोवर भाड्याची घेताना २५ फुटांच्या वर जाऊ नका, पार्कवेवरच्या विलकॉक्स कॅम्पग्राउंडला २७ फुटांपर्यंतच्याच गाड्या बसतात. सस्कॅचवान क्रॉसिंगला टाकी भरायला लागू नये म्हणून निघतानाच फुल करा, लेक लुईस आणि जॅस्परच्या मधला एकुलता एक पंप तिथे आहे आणि भाव तसाच लावतात. आणि क्रेडिट कार्डच्या रेंटल कव्हरवर विसंबू नका, मोटरहोम त्यातून बहुतेक वेळा वगळलेली असते, काउंटरवर सही करायच्या आधी काच आणि छप्पर कशात येतं ते विचारून घ्या.