संगणक सल्ला : कोटेशन घेण्याआधी

प्रश्न : किराणा-भुसाराचं दुकान आहे. टॅली, जीएसटीची बिलं आणि अधूनमधून बँकेची साइट, एवढंच काम. विक्रेता म्हणतो, ‘आय-सेव्हन आणि ग्राफिक्स कार्ड घ्या, पुढची दहा वर्षं बघायला नको.’ लाइट सारखी जाते, म्हणून लॅपटॉपच घ्यावा का? – एक व्यापारी, बार्शी

उत्तर : ग्राफिक्स कार्डाचा टॅलीला काडीचा उपयोग नाही. ते गेम, थ्रीडी आणि व्हिडिओ एडिटिंगवाल्यांनी घ्यावं. ‘आय-सेव्हन’ (इंटेलचा प्रोसेसर) म्हटल्यावर तर आधी पिढी विचारा. चौथ्या पिढीचा जुना आय-सेव्हन बाराव्या पिढीच्या आय-थ्री १२१०० पुढे मागे पडतो आणि विंडोज ११ त्याला मुळात स्वीकारतच नाही.

काउंटरसाठी डेस्कटॉपच घ्या. लॅपटॉप दिवसभर चार्जरला लावून ठेवला की बॅटरी तापून लवकर मरते, कधी फुगतेही. शिवाय पिठाची धूळ कीबोर्डात गेली, तर डेस्कटॉपचा कीबोर्ड काही शेकड्यांत बदलून होतो. लॅपटॉपचा तेवढ्यात होत नाही.

आय-थ्री १२१०० किंवा त्यापुढचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम (एक स्लॉट रिकामा ठेवून) आणि ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी (हार्ड डिस्कऐवजीची वेगवान साठवण), एवढं पुष्कळ झालं. टॅलीचा डेटा अनेक लहान फाइलींत असतो, त्यामुळे तिचा वेग एसएसडीवर लगेच जाणवतो. प्रोसेसरच्या नावापुढे ‘एफ’ असेल तर तो नको. ‘एफ’वाल्यात आतलं ग्राफिक्स नसतं, मग मॉनिटर जोडायलाच कार्ड विकत घ्यावं लागतं. कोटेशन स्वस्त दिसण्यामागे पुष्कळदा हे एकच अक्षर असतं.

दुसरी काटकसर असते एसएमपीएसमध्ये, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यात. कॅबिनेटसोबत ‘४५० वॉट’ लिहिलेला बिननावाचा डबा येतो. व्होल्टेज वरखाली झालं की आधी तोच जातो आणि जाताना कधी मदरबोर्डही घेऊन जातो. ‘८० प्लस’ लिहिलेला, कंपनीचा, वॉरंटीचा एसएमपीएस वेगळा घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं तर दुकानाची अर्थिंग तपासून घ्या, एसएमपीएसला दोष देऊ नका.

लाइट जाण्यावर उपाय म्हणजे ६०० व्हीएचा यूपीएस. मशीन आणि मॉनिटर मिळून शंभरेक वॉट खात असतील, तर दहाएक मिनिटं मिळतात. तेवढ्या वेळात एंट्री सेव्ह करून टॅली बंद करायची. सेव्ह होत असताना मशीन धाडकन बंद पडलं, तर डेटा खराब होऊ शकतो. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसला जोडू नका. कागदावरची शाई पक्की करणारा रोलर तापवताना तो क्षणभर हजार वॉटच्या आसपास खेचतो, यूपीएस ट्रिप होतो आणि सोबत टॅलीही जाते. घरचा इन्व्हर्टर वापरणार असाल, तर मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये बदलीला जास्त वेळ लागतो आणि मशीन रिस्टार्ट होतं.

रोजचा बॅकअप टॅली प्राइममध्ये ऑल्ट-वाय दाबून ‘बॅकअप’मधून पेन ड्राइव्हवर घ्या, पण पेन ड्राइव्हवरचीच ‘कंपनी’ (दुकानाचा टॅलीतला डेटा) उघडून काम करू नका. बिल दुकानाच्या जीएसटी नंबरवर मागा, १८ टक्क्यांचं इनपुट क्रेडिट मिळतं. (जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल, तर नाही.)

प्रश्न : मुलीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आहे. दोन लॅपटॉप पाहिले : रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू. दोन्हींत ८ जीबी रॅम. नावात एका आकड्याचा फरक, मग किमतीत एवढा का? – पालक, नाशिक

उत्तर : फरक त्या एका आकड्यातच आहे. रायझन प्रोसेसरच्या या ७००० मालिकेत तिसरा आकडा आतली रचना किती जुनी ते सांगतो. ७५२०यू हा झेन २ रचनेचा, चार कोअरचा. ७५३०यू झेन ३ चा, सहा कोअरचा. स्टिकर मात्र दोघांवर ‘रायझन ५’च.

खरी अडचण रॅमची आहे. ७५२०यूची रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते, पुढे वाढत नाही. अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइल अ‍ॅप बनवायचं सॉफ्टवेअर), त्याचा एम्युलेटर आणि ब्राउझर एकत्र उघडले की ८ जीबी भरते आणि मशीन एसएसडीवर रॅमचं काम ढकलून रांगायला लागतं. ७५३०यूच्या काही मॉडेलांत स्लॉट असतो, काहींत नसतो. स्पेसिफिकेशनमध्ये ‘एसओ-डिम’ लिहिलं असेल तर स्लॉट आहे. ‘ऑनबोर्ड’ किंवा ‘सोल्डर्ड’ एवढंच असेल तर नाही. स्लॉटवालं मॉडेल असेल तर ८ ची आणखी एक पट्टी टाकून १६ करा. दोन पट्ट्या जोडीने चालल्या की आतल्या ग्राफिक्सचाही वेग वाढतो. सोल्डर केलेलंच घ्यायचं, तर पहिल्या दिवसापासून १६ जीबीचं घ्या.

स्क्रीनपुढे ‘४५ टक्के एनटीएससी’ (रंग किती दिसतात त्याचं माप) लिहिलेलं असतं. म्हणजे रंग फिके. कोडिंगला चालेल, फोटोच्या कामाला नाही. मेकॅनिकलच्या मुलांनी मॅकबुक घेऊ नये. त्यांना लागणारं सॉलिडवर्क्स हे डिझाइनचं सॉफ्टवेअर मॅकओएसवर चालत नाही.

प्रश्न : डीटीपीचं काम करतो. श्रीलिपी हे मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर डोंगलवर (यूएसबीत लावायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालतं. नवे स्नॅपड्रॅगनवाले लॅपटॉप बॅटरीला चांगले म्हणतात. घेऊ का? – कोल्हापूर

उत्तर : नको. त्यांतल्या विंडोजवर इंटेलसाठीचे बरेचसे प्रोग्रॅम नक्कल करून चालतात, पण ड्रायव्हर (जोडलेलं उपकरण चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) तसे चालत नाहीत. डोंगलला ड्रायव्हर लागतो आणि तो एआरएमसाठी (स्नॅपड्रॅगनच्या जातीच्या प्रोसेसरसाठी) वेगळा बनवलेला असावा लागतो. तो नसेल तर सॉफ्टवेअर उघडणारच नाही. जुन्या प्रिंटरचीही हीच गत. इंटेल किंवा एएमडीचंच मशीन घ्या, आणि पैसे देण्याआधी डोंगल खिशातून नेऊन दुकानातच लावून बघा.

प्रश्न : सातव्या पिढीचा आय-थ्री, हार्ड डिस्कवाला. विंडोज १० बंद झालं, आता भंगारात? – सातारा

उत्तर : विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या यादीत तुमचा प्रोसेसर नाही. वाढीव सुरक्षा अपडेटची सोय तात्पुरती आहे. बँकेचे व्यवहार त्यावर करत असाल तर मशीन बदला. मुलांचा अभ्यास, टायपिंग, व्हिडिओ एवढ्यासाठी मात्र २५६ जीबीची साटा एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसणारी) टाकून लिनक्स मिंट ही विंडोजऐवजीची फुकट ऑपरेटिंग सिस्टिम चढवा. इन्स्क्रिप्ट मराठी कीबोर्ड त्यात आहेच. आधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह (इन्स्टॉल न करता) चालवून वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर तपासा, मगच डिस्क पुसा.