मृत्यूचं कारण लिहायला कसं शिकवावं?

प्रश्न : सर, मी नाशिकमध्ये इंटर्नशिप करते आहे. रात्री वॉर्डात कुणी दगावलं की मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र आम्हीच भरून ठेवतो, सही मोठे डॉक्टर करतात. "कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट लिही आणि मोकळी हो," असं सीनियर सांगतात. कॉलेजात यावर एखादंच लेक्चर झालं होतं. आमच्या मागून येणाऱ्या बॅचला तरी हे नीट दाखवावं असं वाटतं. कुठून सुरुवात करू?

उत्तर : तुला हे खटकलं याचा मला फार आनंद झाला. हृदय आणि श्वास प्रत्येकाच्याच मृत्यूत थांबतात. त्यातून कारण काहीच कळत नाही. मरणाची रीत लिहू नका, रोग लिहा, अशी सूचना नमुना ४ वर, म्हणजे याच प्रमाणपत्राच्या फॉर्मवर, छापलेली असते. ती आधी मोठ्याने वाचून घे.

मग नुसते नियम सांगत बसू नकोस, एक रुग्ण समोर ठेव. मी निफाडकडचा द्राक्षबागायतदार घेतो. वय ५८, १५ वर्षांचा मधुमेह, बिडीमुळे जडलेली सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार). तळव्याला व्रण झाला, गोडी छाटणीच्या धावपळीत अंगावर काढला, गँगरीन झालं, म्हणजे पाय सडू लागला, शेवटी सेप्टिसीमिया, म्हणजे रक्तात पसरलेला संसर्ग. फॉर्मच्या भाग १ मध्ये कारणांची साखळी लिहायची : (अ) सेप्टिसीमिया, (ब) पायाचं गँगरीन, (क) टाइप २ मधुमेह. सीओपीडीने हातभार लावला, पण ती या साखळीतली नाही. तिची जागा भाग २ मध्ये.

आता मुलांना खालून वर वाचायला लाव : मधुमेह होता, त्यामुळे गँगरीन झालं, त्यामुळे सेप्टिसीमिया झाला. "त्यामुळे" जिथे अडखळेल तिथे क्रम चुकलाय. शेजारचा कालावधीचा रकाना बहुतेक जण कोराच सोडतात. मी असा कागद परत करतो. २ दिवस, ३ आठवडे, १५ वर्षं असा काळ खाली वाढत गेला पाहिजे. केसपेपरवर नसेल तर बाहेर बसलेल्या रुग्णाच्या मुलाला हळुवारपणे विचारावं, "वडिलांना साखर कधीपासून होती?"

एवढी काटेकोरी कशासाठी, असं मुलं विचारतीलच. आकडेवारीत मृत्यू मोजला जातो तो साखळी जिथून सुरू झाली त्या मूळ कारणाखाली. नुसतं अरेस्ट लिहिलं की निफाडचा मधुमेह कागदावरून पुसला जातो. संक्षेपही नकोत, "एमएस" म्हणजे मायट्रल स्टेनोसिस (हृदयाची झडप अरुंद होणं) की मल्टिपल स्क्लेरोसिस (मज्जासंस्थेचा आजार), हे आकडेवारीसाठी कारणाला कोड देणाऱ्याने ओळखायचं कसं?

एक प्रश्न मात्र पेन उचलण्याआधीचा. इगतपुरीच्या भातखाचरात साप चावलेला माणूस, कीटकनाशक प्यालेली बाई, महामार्गावरचा अपघात : इथे परस्पर प्रमाणपत्र भरायचं नाही. पोलिसांना कळवायचं, पंचनामा, शवविच्छेदन. सुबक फॉर्म भरायला शिकलेली मुलं नेमकी इथे घाई करतात, म्हणून असा एक केसपेपर सरावात मुद्दाम मिसळ.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९चा. त्यातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली; त्यानुसार रुग्णालयाने कारणाचं प्रमाणपत्र निबंधकाला विनाशुल्क द्यायचं आणि प्रत जवळच्या नातेवाइकालाही. म्हणजे तुमचं लिहिलेलं आता घरचे वाचणार आहेत.

सरावासाठी विभागप्रमुखांच्या परवानगीने जुने केसपेपर घे, नावं झाक. प्रत्येकाला एकेकट्याने भरू दे, मग सगळे कागद शेजारी ठेवून वाद घालू दे. जिथे एकमत होणार नाही तिथे स्वतः निकाल देऊ नकोस. ज्यांनी त्या रुग्णावर उपचार केले त्या डॉक्टरांकडे त्यांना पाठव.