वाशीहून आणलेली भाजी दुकानात टिकावी म्हणून कोणत्या औषधाच्या पाण्यात धुवावी?

औषध घेण्याआधी फ्रिजचं तापमान तपासा. परळच्या दुकानात सगळा माल एकाच फ्रिजमध्ये ५ अंशांवर ठेवता, तरी भेंडी काळी पडते, काकडी लिबलिबीत होते आणि मेथी पिवळी पडते, असं तुम्ही लिहिलंय. भेंडी-काकडीला तीच थंडी बाधतेय. भेंडी, काकडी, वांगी या उष्ण हवेतल्या भाज्या, त्यांना १० अंशांच्या आसपास मानवतं. त्याखाली काही दिवस राहिल्या की सालीवर खड्डे पडतात, वांगं कापलं तर बिया तपकिरी दिसतात, आणि बाहेर काढल्यावर माल भराभर सडतो. कच्चट टोमॅटोही फ्रिजमध्ये नकोच, नंतर नीट पिकत नाही. मेथी, पालक, कोथिंबीर, गाजर, फ्लॉवर यांना मात्र ० ते २ अंश लागतात. फ्रिज एकच असेल तर तो यांनाच द्या, पण पाला गोठणार नाही एवढं बघा.

मेथीचं दुखणं फ्रिजच्या आधीच सुरू होतं. टेम्पोतून उतरलेल्या ढिगात, जुडीच्या मधोमध बोटं घालून बघा, चक्क ऊब लागते. भाजी तोडल्यावरही श्वास घेत असते, आणि १० अंश तापमान वाढलं की हा वेग दुपटी-तिपटीने वाढतो. म्हणून माल आला की आधी ढीग मोडा, जुड्या सैल करा, बर्फाच्या स्वच्छ पाण्यात थोडा वेळ बुडवा, पूर्ण निथळू द्या आणि मगच फ्रिजमध्ये ठेवा. शेतकऱ्याने एवढी जपून काढलेली जुडी दुपारपर्यंत कचऱ्यात जाते, हे बघवत नाही. पिकलेले टोमॅटो, केळी शेजारी ठेवू नका. त्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने पाला पिवळा पडतो.

आता औषध. क्लोरीनने भाजीचं आयुष्य वाढत नाही. एका सडक्या पानावरचे जंतू त्याच पाण्यातून बाकीच्या जुड्यांना लागू नयेत, एवढंच त्याचं काम. क्लोरीनचं द्रावण, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, खाद्यपदार्थांसाठीचंच घ्या, फरशी पुसायचं सुगंधी नको. ४ टक्क्यांचं असेल तर १० लिटर पाण्याला २५ मिली पुरे. आधी चिखल धुऊन काढा, कारण गढूळ पाण्यात क्लोरीन लगेच संपतं. नंतर पिण्याच्या पाण्याने खळबळून घ्या. भेंडी, कांदा, लसूण, बटाटा यांना पाणी लावूच नका.

विटा आणि ओल्या वाळूचा शीतकक्ष करावा का, हेही विचारलंत. दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेचा तो कक्ष कोरड्या हवेत छान चालतो, कारण पाणी उडून गेलं तरच गारवा येतो. मुंबईच्या पावसाळी दमट हवेत पाणी फारसं उडत नाही, त्यामुळे त्यावर खर्च करू नका. कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावला विकिरण केंद्र (कांद्यावर किरणांचा मारा करणारं) उभारलंय, पण दुकानदाराला कोरडी जागा आणि खेळती हवा एवढंच हाती. बटाट्याच्या गोणीपासून लांब, जाळीच्या क्रेटमध्ये ठेवा आणि ओल आलेला कांदा रोज निवडून काढा.