नुसती टक्केवारी पाहून घरपट्टी कळत नाही

प्रश्न : आमच्या महापालिकेचे सगळे कर मिळून ५५ टक्के होतात, शेजारच्या शहरात ४०. म्हणजे आमची घरपट्टी जास्त, असंच ना?

उत्तर : टक्के कशावर लागतात ते आधी पाहा. समजा, घर ६०० चौरस फुटांचं आहे. कर घराच्या गृहीत भाड्यावर लागतो. शेजारच्या शहरात हे भाडं चौरस फुटाला महिना २ रुपये धरलं, तर वर्षाचे १४,४०० रुपये. दुरुस्तीची १० टक्के वजावट जाऊन करयोग्य मूल्य १२,९६०, त्यावर ४० टक्के म्हणजे ५,१८४ रुपये. तुमच्याकडे दर १ रुपया २० पैसे असेल, तर करयोग्य मूल्य ७,७७६ आणि कर ४,२७७. टक्के जास्त, बिल कमी!

म्हणून सारखा वापर आणि साधारण एकाच वयाची इमारत, अशी दोन बिलं घ्या. जुनी थकबाकी आणि शास्ती (उशिराचा दंड) वगळा. राज्य शिक्षण करही वगळा. तो सरकारजमा होतो. (काही ठिकाणी महापालिकेचा स्वतःचाही शिक्षण कर असतो, तो मात्र ठेवा.) उरलेल्या रकमेला चटई क्षेत्राने (भिंती सोडून आतल्या जागेने) भागा. गफलत बहुतेक इथेच होते : एका बिलावर चटई क्षेत्र, दुसऱ्यावर बांधीव (भिंतींसकट).

मुंबईत २०१० पासून कर भाड्यावर नव्हे, भांडवली मूल्यावर (घराच्या किमतीवर) आहे आणि ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून माफी. तिथले टक्के इतरांशी ताडून पाहूच नका.

प्रश्न : महापालिकेची आर्थिक तब्येत अंदाजपत्रकावरून कशी ओळखावी?

उत्तर : पुढच्या वर्षाच्या अंदाजाचा रकाना सोडून द्या, फुगवटा तिथेच असतो. मागील वर्षाची प्रत्यक्ष जमा धरा. तीतून जीएसटी भरपाई वेगळी काढा. जकात आणि एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेल्यावर २०१७ पासून राज्य ही रक्कम देतं. जकातीवर पोसलेल्या औद्योगिक शहरांना ती भरघोस मिळते, त्यामुळे घरपट्टी न वाढवताही त्यांचं भागतं. कमी घरपट्टी हा काटकसरीचा पुरावा नव्हे.

आस्थापना खर्च (पगार, पेन्शन वगैरे) उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या वर गेला की कामांना पैसा उरत नाही. वसुली पाहताना चालू मागणी (यंदाचा कर) आणि थकबाकी वेगळी मोजा. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती चढते, शिवाय कोर्टात अडकलेली प्रकरणं त्यातच. एकत्र टक्केवारी काढली तर चांगली वसुलीही वाईट दिसते.

ठेवींच्या आकड्यावर भाळू नका. त्यात ठेकेदारांच्या अनामत रकमा असतात, त्या परत करायच्या असतात. झालेल्या कामांची थकलेली बिलं किती, हे लेखा विभागाकडे माहिती अधिकारात मागा.