चौदाव्या दिवसाचं खूळ आधी डोक्यातून काढा

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. तू २९ ची, सात महिने चान्स घेताय, पाळी बऱ्यापैकी नियमित पण ३४ दिवसांनी येते, आणि नवऱ्याने कुठेतरी वाचलंय की 'साठवून' ठेवलं की रिझल्ट चांगला येतो, म्हणून महिनाभर काही नाही आणि डायरेक्ट चौदाव्या दिवशी. आता तर मोबाईलवर अलार्म वाजला की त्याला टेन्शन येतं, काही होतच नाही, तू रडतेस, तो पाठ करून झोपतो. आणि तू विचारतेस, ताई नक्की किती वेळा करायचं?

आधी तो चौदावा दिवस बघू. तो हिशोब २८ दिवसांच्या पाळीचा आहे गं. बीज साधारण पुढच्या पाळीच्या १४ दिवस आधी बाहेर पडतं, म्हणजे तुझं विसाव्या दिवसाच्या आसपास. शुक्राणू आत फार तर ५ दिवस तग धरतात, म्हणजे चौदाव्याचे एकोणिसाव्यापर्यंत संपले, आणि बीज येतंय विसाव्याला! बीज स्वतः जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. म्हणजे ज्या महिन्यांत सगळं 'व्यवस्थित' झालं त्यातही बहुतेक तुमची चुकामूकच झाली असणार, यात दोष तुझा नाही आणि त्याचाही नाही.

आता किती वेळा. पाळी संपली की दर दोन-तीन दिवसांनी संबंध येऊ देत, बस. बीज बाहेर पडतं तो दिवस आणि त्याच्या आधीचे पाच, एवढेच दिवस खरे कामाचे, आणि दोन-तीन दिवसांच्या अंतराने त्यात एखाद-दोनदा तरी गाठ पडतेच. त्या आठवड्यात जमलं तर दिवसाआड करा, रोज वाटलं तरी बिघडत नाही, पण रोज केलंच पाहिजे असंही नाही. साठवण्याचं म्हणशील तर फार दिवस थांबलं की आकडा वाढतो पण त्यातले बरेच शुक्राणू जुने, सुस्त झालेले असतात, ते काही बँकेतलं एफडी नाही.

आणि खरं सांगू का, यातला माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा वेगळाच आहे, दर दोन-तीन दिवसांनी असेल तर 'आजच तो दिवस' ही भानगडच राहत नाही, आणि त्याला परीक्षेला बसवल्यासारखं होत नाही. ऐन वेळी न होणं हे अशा वेळी खूप पुरुषांना होतं, त्याचा अर्थ त्याला तू नकोशी झालीस असा नाही. अलार्म बंद कर. तुला अंदाज हवाच असेल तर पांढरं जातं तिकडे लक्ष दे, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं पारदर्शक, ताणलं तर तार येणारं दिसलं की दिवस जवळ आले, आणि हे त्याला सांगायची गरज नाही, तू जवळ जा बस!

कमरेखाली उशी, पाय वर, तासभर हलायचं नाही, या कशाचाही उपयोग सिद्ध झालेला नाही. कोरडेपणासाठी साधं लुब्रिकंट किंवा थुंकी मात्र वापरू नका, त्याने शुक्राणूंची हालचाल मंदावू शकते.

फॉलिक अ‍ॅसिड घेतेस की नाही ते लिहिलं नाहीस. नसशील घेत तर आजपासून रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू कर, दिवस राहण्याची वाट बघू नको. (फिटची वगैरे गोळ्या चालू असतील तर डोस आधी डॉक्टरांना विचार.) तुझ्या वयाला वर्षभर प्रयत्न करून मग गायनॅककडे जातात, पस्तिशीनंतर सहा महिन्यांत. पण पाळी मागेपुढे व्हायला लागली किंवा त्याचा प्रॉब्लेम असाच राहिला तर वर्षाची वाट बघू नका. आणि जाल तेव्हा दोघं जा, त्याची वीर्य तपासणी पहिल्याच फेरीत करून घ्या, ती साधी असते आणि उगाच सगळ्या टेस्ट तुझ्याच होत बसत नाहीत.